न लावलेलं मलम

संध्याकाळी दिवे लागले की वाफमावशी नातीच्या मलमाची ट्यूब घेऊन मोरीत जायची, दाराला कडी घालायची आणि बोटावर मलम पिळून ते नळाखाली धरायची. मलम मोठं चिवट, पाण्याला दाद द्यायचं नाही. बोटावरून सुटलं तरी मोरीच्या फरशीला चिकटून बसायचं. मग मावशी कागदाच्या बोळ्यानं ते पुसून काढायची, बोळा कमरेला खोचायची आणि ट्यूबचं शेपूट नीट गुंडाळायची, म्हणजे बघणाराला वाटावं की रोज नेमानं वापर चाललाय. बाहेर आली की भिंगरीला समोर बसवायची आणि तिच्या कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर साधी पांढरी जेली चोपडायची.

"आजी, आज खाज लवकर थांबेल का गं?"

"थांबेल की. औषधच आहे ते."

जन्मात कुणाच्या वस्तूला हात न लावलेली बाई ती. लाँड्रीत धुवायला आलेल्या कोटांच्या खिशांत काय काय सापडायचं, अंगठ्या, किल्ल्या, चांदीची पेनं. मावशीनं प्रत्येक वस्तू मालकाच्या दारात नेऊन दिलेली. आणि तीच बाई रोज संध्याकाळी स्वतःच्या नातीच्या अंगावरचा आराम चोरत होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण आपण पोरीला विषापासून वाचवतोय, असं ती स्वतःला बजावायची.

तिचं नाव वाफमावशी कसं पडलं, ते समजायला लाँड्रीत जायची गरज नव्हती. तिच्याशी पाच मिनिटं वाद घातला की पुरे. ती वाफेच्या प्रेसवर काम करायची, आणि पायानं खालची पट्टी दाबल्यावर त्या प्रेसमधून फुस्स करून वाफ सुटावी तशी कुणी वाकडं बोललं की सुटायची. मुकादम तिच्याशी बोलताना जरा लांबच उभा राहायचा. धुलाईच्या हौदावरच्या बायकांना सोड्यानं हातांची सालटं निघेपर्यंत उघड्या हातांनी काम करायला लावायचे, तेव्हा हिनंच सगळे प्रेस बंद पाडून रबरी हातमोजे मिळवले होते. शाळा चौथीच्या पुढे नाही, पण भाषण असं ठोकायची की मालकाच्या वकिलानं घाम पुसावा.

तिचा सगळ्यात मोठा विजय मात्र हातमोज्यांचा नव्हता, तो बटणवालीच्या चेहऱ्याचा होता.

बटणवाली म्हणजे लाँड्रीत तुटलेली बटणं लावणारी बाई. रंग उजळावा म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून एक ट्यूब आणली, आणि वर्षानुवर्षं ती चेहऱ्याला लावत राहिली. सुरुवातीला चेहरा उजळला. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, गालांवर लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर केस आले. उन्हात गेली की चेहरा भाजून निघायचा, आणि ट्यूब थांबवली की आग आणखी भडकायची. शेवटी एका डॉक्टरनं सांगितलं, त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, तेही जोरकस, आणि चिठ्ठीशिवाय ते विकायलाच नको होतं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाँड्रीतल्या झाडून साऱ्या बायका घेऊन ती त्या दुकानावर गेली, फळीवरच्या सगळ्या ट्यूबा रस्त्यावर आणून टाकायला लावल्या आणि दुकानदाराला बटणवालीची हात जोडून माफी मागायला लावली. त्या दिवसापासून 'स्टेरॉइड' हा शब्द मावशीच्या तोंडी शिवीसारखा झाला. साध्या माणसाच्या घरात औषधाची भीती उगाच शिरत नाही. कुणीतरी आधी फसवलेलं असतं, म्हणून शिरते.

आणि नेमका तोच शब्द नातीच्या चिठ्ठीत आला.

भिंगरी मावशीच्या लेकीची मुलगी, पाच वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. लेक शहराच्या बसमध्ये कंडक्टर, जावई ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. लेकीच्या पाळ्या कधी पहाटेच्या, कधी दुपारच्या. त्यामुळे पोर वाढली ती आजीच्याच हाताखाली. तान्ही असताना गाल लाल व्हायचे, ते जरा मोठी झाल्यावर कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत उतरले. आधी नुसता खरखरीतपणा, मग लाल चट्टे, मग ओरखडे.

तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासून समजावून सांगितलं होतं. "हा एक्झिमा. भिंतीतलं सिमेंट भुसभुशीत असलं की कसं होतं, तशी हिची कातडी घडलीय. आतला ओलावा टिकत नाही आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. त्यानं कातडी चिडते, लाल होते, खाजते. खाजवलं की भिंत आणखी ढासळते. हा कुणाला चिकटत नाही, आणि कुणाच्या चुकीनं होत नाही. मुळापासून जाईल असं वचन मी देत नाही, पण काबूत ठेवता येतो. आंघोळ थोडकी, कोमट पाण्यानं. अंग घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच जाड क्रीम भरपूर लावायचं, दिवसातून पुन्हा पुन्हा. आणि जिथं लाल झालंय तिथं हे मलम, पातळ थरात, मी सांगते तितके दिवस."

"कसलं मलम?" मावशीनं विचारलं होतं.

"सौम्य स्टेरॉइड आहे."

मावशीचे कान तिथंच मिटले. बाहेर मोठी रांग होती, डॉक्टरीणबाई घाईत होत्या. लेक मान डोलावत होती. मावशी गप्प राहिली, आणि मावशी गप्प राहिली म्हणजे तिनं काहीतरी ठरवलेलं असतं, हे लाँड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीच्या ध्यानात आलं नाही. लेकीशी उघड भांडली असती तर बरं झालं असतं. पण लेक शिकलेली, चिठ्ठी वाचणारी. वादात हरायचं मावशीला माहीत नव्हतं, म्हणून तिनं वादच टाळला. "तू पाळीवरून दमून येतेस, मलम मी लावत जाईन," एवढंच म्हणाली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू आहेस म्हणून चाललंय गं माझं," ती म्हणाली.

ते वाक्य मावशीच्या मनात रुतलं ते रुतलंच.

दिवस जात होते आणि चट्टे पसरत होते. भिंगरी वर्गात बसल्या बसल्या बाकाच्या कडेला पाय घासायची. चादरीवर बारीक रक्ताचे ठिपके दिसायचे, ते मावशी लेकीच्या आधी उठून धुऊन टाकायची. डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकदा शाळेच्या फाटकात एका मुलाच्या आईनं आपल्या पोराला ओढून बाजूला घेतलं. "तिच्याजवळ नको बसूस रे, लागेल ते."

झालं. वाफ सुटली. "काय लागेल? अहो बाई, शिकलेल्या दिसता आणि असं बोलता? एक्झिमा आहे तो. चिकटत नाही. हातात हात घाला, एका ताटात जेवा, काही होत नाही. कातडीची घडण आहे ती, पाप नव्हे. डॉक्टरांनी सांगितलंय, डॉक्टरांनी!"

"बरं बरं, ओरडू नका हो."

"ओरडणार. माझ्या नातीला लांब बसवाल तर शाळेच्या दारात बसून ओरडेन."

भिंगरी आजीचा पदर धरून अभिमानानं बघत होती. घरी येताना मावशीचं छातीत भरलेलं वारं हळूहळू निघून गेलं. डॉक्टरांचं नाव घेऊन गावाशी भांडायचं, आणि त्याच डॉक्टरांचं मलम मोरीत सोडायचं. ही कुठली तऱ्हा? तिनं विचार झटकला. बटणवालीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. रोज तोच आणायची, दुसरं काही दिसायला लागलं की.

लेक मात्र वेगळ्याच दिशेला गेली. मलम लावूनही उतरत नाही म्हणजे खाण्यात काहीतरी असणार, असं तिला बसमधल्या एका प्रवाशानं सांगितलं, डेपोतल्या मैत्रिणीनं त्याला दुजोरा दिला. तिनं आधी अंडं बंद केलं, मग शेंगदाणे, मग दूध, दही, सगळंच. भिंगरी दुधावर जीव टाकणारी पोर. पेला हातात नसला की तिला झोप यायची नाही.

"आई, थोडंसंच दे ना."

"नाही सोन्या, त्यानं खाज येते ना."

"मग मी खाजवणार नाही. शप्पथ."

मावशी दारात चादरींच्या घड्या घालत होती. घडी चुकली. तिनं उलगडून पुन्हा घातली, पुन्हा चुकली. आत्ता बोलावं, असं जिभेच्या टोकावर आलं. दूध दे तिला, दुधाचा काही दोष नाही, दोष कुणाचा ते मला माहीत आहे. पण बोलायचं म्हणजे सगळंच बोलायला लागणार होतं. तिनं ओठ मिटले आणि मूग गिळून बसली. ज्या बाईनं मालकाच्या तोंडावर मालकाला चोर म्हटलं होतं, तिला स्वतःच्या लेकीपुढे तोंड उघडेना.

पोरीची हाडं दिसायला लागली. लेक रडायची. "मी पोटुशी असताना नीट खाल्लं नाही. पाळ्या केल्या, धूर खाल्ला, त्याचं हे फळ. तुम्हा दोघींना सोडून मी बसमध्ये भटकते." तिनं डेपोत अर्ज केला की काही महिने बिनपगारी घरी बसते. मावशी म्हणाली, "असं काही नसतं गं. उगाच स्वतःला लावून घेऊ नकोस." याहून जास्त बोलायची तिची हिंमत झाली नाही, आणि जेवढं बोलली तेवढ्याचीही तिला लाज वाटली.

मग एका सकाळी भिंगरीच्या गुडघ्यामागे पिवळट खपली धरलेली दिसली, खालून पाणी झिरपत होतं. अंग गरम लागत होतं. भिंगरी त्या दिवशी उठून पळाली नाही, नुसती पाय लांब करून बसून राहिली. लेकीनं रिकामी ट्यूब उचलून बघितली, ती शेपटापासून तोंडापर्यंत गुंडाळलेली. "एवढी संपवली तरी?" असं म्हणत ती ट्यूब तशीच पिशवीत टाकून तिनं पोरीला कडेवर घेतलं. मावशी मागोमाग निघाली. 

डॉक्टरीणबाईंनी चट्टे बघितले, बराच वेळ बघितले. "यात जंतू शिरलेत. त्यावर औषध देते. असं पिवळं पाणी दिसलं, अंग तापलं, की थांबायचं नाही, लगेच आणायचं." मग त्या खाली वाकल्या आणि भिंगरीच्या फ्रॉकचा वास घेतला. "छान दरवळतोय. कुठं धुता?"

मावशीची मान ताठ झाली. "माझ्याच हातचे. लाँड्रीतलं सगळ्यात भारी सुवासिक पाणी शेवटी कपडे खळबळताना घालते. शहरातल्या मोठ्या हॉटेलांच्या चादरींना तेच असतं."

"ते बंद करा, आजी. सुवास म्हणजे हिच्या कातडीला चटका. साबण बिनवासाचा घ्या, आणि कपडे आणखी एकदा साध्या पाण्यातून काढा. शाळा सुटल्यावर कुठं असते ही?"

"माझ्याजवळ, प्रेसच्या खोलीत." आवाज उतरला होता. "कोपऱ्यात ब्लँकेटांचा ढीग असतो, त्यावर बसते. महाराणीसारखी."

"लोकरीची ब्लँकेटं?"

"लोकरीचीच."

"वाफेची खोली, घाम, खाली लोकर आणि लोकरीतली धूळ." डॉक्टरीणबाईंनी उसासा टाकला. "प्रेमानं केलंत सगळं. पण तिच्या अंगाला हे सोसत नाही."

लेकीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "म्हणजे हेच कारण होतं?" आणि मावशीला क्षणभर वाटलं, सुटले. वास आणि लोकर. त्यांच्यावर ढकलावं आणि घरी जावं. तिनं जोरात मान हलवली. "होय होय, तेच असणार. आजपासून बंद."

"भडकायला तेवढं पुरे आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मलम नीट लागत असेल तर एवढं राहायला नको होतं. पूर्ण ट्यूब संपवलीत आणि कणभर फरक नाही." त्यांनी चिठ्ठी पुढं ओढली. "मोठ्या रुग्णालयात पाठवते. पुढची पायरी म्हणजे पोटातून द्यायचं औषध. शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारं. कामाचं आहे, पण त्यावर नजर ठेवायला लागते, सारखं रक्त तपासायला लागतं. आजच रक्त घेऊन ठेवू."

सिस्टर पट्टी आणि सुई घेऊन आली. लेक भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. भिंगरीनं ओरखडे पडलेला हात पुढं केला आणि दुसरा हात आजीच्या हातात दिला.

"आजी, तू सांगितलंस ना तर मी रडणार नाही."

मावशीनं तो हात बघितला. नखं तिनंच कापलेली, अगदी बुडापासून, खाजवलं तरी लागू नये म्हणून. बोटांची टोकं खरखरीत. या अंगात आता जोरकस औषध जाणार होतं, साधं औषध हरलं म्हणून. आणि साधं औषध हरलंच नव्हतं. त्याला मैदानात उतरूच दिलं नव्हतं.

"थांबा," मावशी म्हणाली. सिस्टर थांबली नाही. "थांब म्हटलं ना गं बाई!" वाफ सुटल्यावर सगळे थांबले. "सुई नको. मलम लावलेलंच नाही."

"म्हणजे कधीमधी राहून गेलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकदाही लावलं नाही. मी मोरीत सोडलं. रोज. पोरीला नुसती जेली लावली."

लेक वळली. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. मावशी तिच्याकडे बघू शकली नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंवरच तुटून पडली. "मग काय करणार? तुम्हीच स्टेरॉइड म्हणालात! आमच्या बटणवालीचं तोंड बघितलंयत का तुम्ही? दुकानावर मोर्चा नेला होता मी, त्या ट्यूबा रस्त्यावर फेकल्या होत्या. आणि तुम्ही तेच विष माझ्या नातीला..."

"मोर्चा नेलात ते बरोबर केलंत," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तशा दुकानांवर अजून जायला हवं. पण आजी, तुम्ही रेशमी साडी आणि तागाचं कापड एकाच आचेवर दाबता का?"

"वेडी आहे का मी? रेशीम जळेल."

"आणि साडी जळाली म्हणून प्रेसच भंगारात टाकता?"

मावशीची मान आपोआप नकारार्थी हलली.

"तुमच्या बटणवालीनं जोरकस औषध चेहऱ्यावर लावलं, चेहऱ्याची कातडी सगळ्यात नाजूक, आणि वर्षानुवर्षं, कुणाला न विचारता. ती जळणारच. हे सौम्य आहे. ते चट्ट्यावर काही दिवस लावायचं, कातडी गुळगुळीत झाली की थांबवायचं, आणि मी बघत राहणार. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एवढंच. आता जंतूंचं औषध आणि हे मलम, दोन्ही लावून बघू. त्यानंतरही राहिलं तर मोठ्या रुग्णालयाचं ठरवू." मग त्या जरा थांबल्या. "माझंही चुकलं. पहिल्याच वेळी तुमच्या तोंडावर दिसलं होतं की तुम्हाला हे पटलं नाही. मी विचारायला हवं होतं. रांग मोठी होती."

मावशीला वाटलं, या बाईनं आपल्यावर ओरडावं. ओरडली असती तर उलट ओरडता आलं असतं. चूक वाटून घेणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आणि दूध?" लेकीनं विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता. "अंडं, दाणे... ते मी तोडलं."

"कशानं पुरळ उठलं, ओठ सुजले, असं कधी दिसलं होतं का?"

"नाही."

"मग द्या. वाढत्या पोराचं खाणं असं अंदाजानं तोडायचं नाही. शंका आली तर मला विचारून."

घरी जाताना लेक भिंगरीला घेऊन पुढे चालत राहिली. कोपऱ्यावर थांबून तिनं भिंगरीला दूध घेऊन दिलं. भिंगरी तिथंच उभी राहून गटागटा प्यायली, वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली, आणि ती हसली. लेक हसली नाही.

"आई, मी तिच्या हातातला पेला काढून घेत होते, तेव्हा तू दारात होतीस."

"होते."

"मी रडत होते, तेव्हाही होतीस."

"होय."

"आणि तू मला म्हणालीस, स्वतःला लावून घेऊ नकोस."

मावशीनं मान खाली घातली. असं कुणी तिला मान खाली घालायला लावलं नव्हतं, ना मुकादमानं, ना मालकानं.

"मलम मी लावणार उद्यापासून," लेक म्हणाली. "पहाटेची पाळी असली तर निघायच्या आधी लावीन. तू हात लावायचा नाहीस."

"बरं."

मग रोज तसंच झालं. थोडकी आंघोळ, अंग टिपणं, ओल्या अंगावर जाड क्रीम, लाल जागेवर पेरभर मलम. लेक खोलीचं दार लोटून घ्यायची आणि मावशी बाहेर बसून आवाज ऐकायची. मावशीनं लाँड्रीत ब्लँकेटांचा ढीग दुसऱ्या खोलीत हलवला आणि भिंगरीची बसायची जागा खिडकीजवळ हवेशीर ठिकाणी केली, सुती चादरीवर. नातीचे कपडे वेगळ्या बादलीत, बिनवासाच्या साबणात, पाण्यातून पुन्हा पुन्हा काढून. धुलाईवरच्या बायका थट्टा करायच्या, "काय मावशी, पाणी तरी सोडाल का आम्हाला?" एरवी मावशीनं तिथंच उत्तर फेकलं असतं. आता ती नुसती पिळत राहायची.

खपल्या आधी गेल्या. मग लाली उतरली. कोपराच्या घडीत नवी, जराशी फिकट कातडी दिसायला लागली. भिंगरी पुन्हा घरभर गिरक्या घ्यायला लागली. चार दिवस मलम, मग बंद, नुसतं क्रीम, आणि कोरड्या हवेत पुन्हा एखादा चट्टा उठला की तो लवकर ओळखून पुन्हा थोडं मलम. आजार गेला नव्हता, घरात राहायला शिकला होता. जेवढं बरं दिसे, तेवढं मावशीला अधिक लागे. एवढ्या सहज उतरणारं दुखणं तिनं पोरीच्या अंगावर राखून ठेवलं होतं. कुणी तिला दोष देत नव्हतं, लेकही आता टोचून बोलत नव्हती, आणि तेच असह्य होतं.

एका संध्याकाळी लेक पाळीवरून आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि वळून न बघताच म्हणाली, "आई, एक विचारू? आणखी कुणाला सांगितलं होतंस हे? मलम लावू नका म्हणून?"

मावशीनं हातातली घडी खाली ठेवली. लाँड्रीत ती बोलली होती, पण तिथल्या कुणाच्या पोराला हा त्रास नव्हता. पण खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीच्या तान्ह्या बाळाचे गाल असेच लाल झाले होते, तेव्हा मावशीनं जिन्यात उभं राहून तिला सांगितलं होतं. सांगितलं कसलं, ठणकावलं होतं. 'ते दवाखान्यातलं मलम फेकून दे, पोरी. मी त्याच्यावर मोर्चा नेलाय.'

"खालच्या शिंपिणीला," ती म्हणाली.

लेकीनं वळून तिच्याकडे बघितलं. 

मावशी उठली. जिना उतरून तिनं शिंपिणीच्या दारावर थाप मारली. तिनं आजवर किती दारांवर थापा मारल्या होत्या, पण त्या सगळ्या दुसऱ्याला जाब विचारायला. शिंपिणीनं दार उघडलं. कडेवर बाळ, मशीनवर अर्धा शिवलेला शर्ट. बाळाचे दोन्ही गाल तडकलेले, हातांना मोजे घातलेले, आणि ते मान फिरवून आईच्या खांद्यावर गाल घासत होतं.

"या की मावशी," शिंपीण हसली. "बघा, तुम्ही सांगितलंत तसं एक थेंब लावला नाही हो. डॉक्टर रागावले, तरी नाही."

 परत फिरावं, उद्या सांगू, असं मावशीच्या मनात आलं. बाळानं पुन्हा गाल घासला.

"मी तुला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली.

"काय?"

"मलमाचं. माझ्या नातीला मी ते लावू दिलं नाही आणि ती सडत राहिली. मग लावलं आणि उतरलं. चेहऱ्याचं वेगळं असतं म्हणतात, जपून लावायचं असतं. पण ते डॉक्टरांनी सांगायचं, मी नाही. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखी बोलले."

शिंपिणीचं हसू हळूहळू मावळलं. तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, जणू मावशीपासून लांब. "एवढ्या ठामपणे बोलला होतात तुम्ही. त्या दिवसापासून हा नीट झोपला नाहीये. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"काय कळतंय?" शिंपिणीचा आवाज चढला. "शेजारीण म्हणून, वडीलधारी म्हणून ऐकलं मी तुमचं. नवऱ्याशी भांडले मी तुमच्यासाठी!"

जिन्यात वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी ऐकत होतं. मावशीनं मान वर केली नाही आणि उलट बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं समोरच्याला पुरतं बोलू दिलं.

शिंपीण दमून थांबली. मग मावशी म्हणाली, "दवाखाना अजून उघडा असेल. चल, मी येते बरोबर."

"तुम्ही कशाला? तिथं जाऊन काय सांगणार तुम्ही?"

"की या बाईचा दोष नाही. मी सांगितलं म्हणून तिनं लावलं नाही. तू तोंड उघडायच्या आधी मीच सांगेन."

 शिंपीण आत गेली, मशीनची सुई कापडातून वर काढली, बाळाला टोपडं घातलं आणि बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं. मावशीनं बाळाला घ्यायला हात पुढं केले.

"राहू द्या," शिंपीण म्हणाली, "मीच घेते."

मावशीनं हात मागे घेतले आणि ती तिच्या मागोमाग जिना उतरायला लागली.